तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं: क्लास लावू की शिकवणी?

प्रश्न: ताई, माझा मुलगा सातवीत आहे, सेमी इंग्लिशला. बाकी विषय ठीक, पण गणितात घटक चाचणीला 20 पैकी 5 आले. गल्लीतली सगळी पोरं ज्या क्लासला जातात तिथं गेलं वर्षभर घातला, एका बॅचला 50 मुलं, काही फरक नाही. आता शेजारच्या एक रिटायर्ड बाई एकट्याला शिकवायला तयार आहेत पण फी क्लासच्या दुप्पट आहे. मिस्टर म्हणतात कशाला लाड, तूच बस त्याला घेऊन. मी बसले की पंधराव्या मिनिटाला आमची भांडणं. पैसे घालू का? – एक आई, इचलकरंजी

उत्तर: घाला. पण वर्षाची फी एकदम देऊ नका, का ते पुढे सांगते.

मी स्वतः बरीच वर्षं घरी शिकवण्या घेतल्यात. एक मुलगी यायची, तीही सातवीतच, आई म्हणायची हिला बैजिक राशी जमत नाहीत. मी तिला म्हटलं एक छेद दोन अधिक एक छेद तीन कर बघू, आणि करताना मोठ्यानं बोल. तिनं वरचे वर मिळवले, खालचे खाली, उत्तर दोन छेद पाच! मग विचारलं, अर्धी भाकरी ताटात होती, त्यात अजून तुकडा टाकला, तर ताटात अर्धीपेक्षा कमी कशी काय झाली? ती बघतच राहिली. म्हणजे गाडी बैजिक राशीत अडली नव्हतीच, ती पाचवी-सहावीतच रुळावरून घसरली होती आणि मधल्या दोन वर्षांत कुणी वाकून बघितलं नव्हतं. आमचे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी घडाघडा म्हणायचे, त्यांना लसावि शब्द माहीत नसेल कदाचित, पण पाऊण म्हणजे किती हे हाताला माहीत होतं, आता पोरांना नियम पाठ असतो आणि पाऊण म्हणजे किती ते सांगता येत नाही... असो, विषय लांबला.

सांगायचं काय, तर शिकवणीचा खरा फायदा हा आहे, एक माणूस तुमच्या पोराच्या वहीत डोकं घालून बसतो आणि चूक होते त्याच क्षणी बघतो. 50 च्या बॅचमध्ये सर फळ्यावर सोडवतात, पोरं उतरवून घेतात, वही भरते, आपण वही बघून खूश, आणि परीक्षेत तेच गणित आकडे बदलून आलं की गाडी बंद. यात सरांचा दोष नाही हो, 50 वह्या रोज बघणार कसा माणूस! आणि अजून एक, ज्याला वर्गात हात वर करायची लाज वाटते ना ते पोरगं एकटं असलं की "मला भागाकारच येत नाही" हे बोलून टाकतं. निम्मं काम तिथंच होतं.

यावर अभ्यासही झालाय. बेंजामिन ब्लूम नावाचे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होते, त्यांनी 1984 साली मांडलं की एकास एक शिकवलेलं सरासरी मूल हे नेहमीच्या वर्गात शिकणाऱ्या 98 टक्के मुलांच्या पुढे गेलं. पुढच्या संशोधनात एवढा मोठा फरक काही दिसला नाही, पण फायदा दिसलाच. आणि ब्लूमच्या शिकवणीत एक गोष्ट होती जी लोक विसरतात, आधीचा धडा नीट आला का ते तपासायचं, चुका दुरुस्त करून घ्यायच्या, मगच पुढचा. नुसतं एकट्याला बसवलं म्हणजे जादू होत नाही.

म्हणून बाईंना आधीच सांगा, शाळेत काय चाललंय ते बाजूला ठेवून पहिले दोन-तीन आठवडे मागे जाऊ दे, पाचवीचं पुस्तक काढायला लागलं तरी चालेल. त्याला कमीपणा वाटेल, पण वेगळी वही केली की सोपं जातं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, तासभर, बास. पैसे महिन्याचे महिन्याला द्या आणि तीन महिन्यांनी बघा. मार्कांपेक्षा हे बघा की तो स्वतःहून गणित सोडवायला बसतो का, चुकलं तर कुठं चुकलं ते सांगतो का. बाई शाळेचा गृहपाठच करून देतायत असं दिसलं तर मात्र सरळ थांबवा, ती शिकवणी नाही, ते लाडच! (मिस्टर तिथं बरोबर ठरतील.) आत्ताच करा हे, कारण आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नापास झाला तर पुन्हा परीक्षा.

आणि तुम्ही रोज भांडत बसू नका, फक्त रात्री म्हणा, आज काय शिकलास ते मला शिकव.

प्रश्न: माझी मुलगी तिसरीत आहे, तिच्या शाळेतल्याच मॅडम घरी ट्युशन घेतात, तिकडे पाठवू का? – एक बाबा, नाशिक

उत्तर: नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 28 आहे, शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. आणि कायदा सोडा, वर्गात जे शिकवायचं तेच संध्याकाळी पैसे घेऊन शिकवलं तर वर्गात मन लावून शिकवायचं कारण काय उरलं? तिसरीला गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचून घ्या, बाजारात नेऊन सुट्टे पैसे तिला मोजू द्या. तरी अडलंच तर मॅडमना शाळेतच भेटा आणि कशात अडतंय ते विचारा, ते सांगायला फी लागत नाही.