इन्स्टॉलरमधून रजिस्ट्रीच्या जुन्या नोंदी स्क्रिप्टने कशा काढाव्यात?

तुम्ही विचारलंय की इनो सेटअप (इन्स्टॉलर बनवायचं साधन) वापरून केलेल्या इन्स्टॉलरमधून बॅच फाइल चालवून, 'रेग डिलीट' या कमांडने जुन्या आवृत्तीच्या एचकेएलएममधल्या, म्हणजे विंडोज रजिस्ट्रीच्या सगळ्या मशीनला लागू असलेल्या भागातल्या, नोंदी उडवायच्या आहेत. फाइल हाताने, ॲडमिन म्हणून चालवली की नोंदी जातात. तीच फाइल इन्स्टॉलरने चालवली की काही होत नाही, आणि चूकही दिसत नाही. विंडोज ६४-बिट.

तुमची कमांड बरोबर आहे. फक्त ती शेजारच्या घरात शोधतेय.

६४-बिट विंडोजवर एचकेएलएममधल्या 'सॉफ्टवेअर'ला दोन बाजू असतात. ३२-बिट प्रोग्रामने 'सॉफ्टवेअर' मागितलं की विंडोज त्याला गुपचूप 'वाव६४३२नोड'मध्ये नेऊन सोडतं, त्या बिचाऱ्याला पत्ताही लागत नाही. तुम्ही मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल तर इनो सेटअप ३२-बिट मोडमध्ये चालतो. मग त्याने उघडलेली कमांडची खिडकी 'सिसवाव६४' फोल्डरमधली, म्हणजे ३२-बिट, आणि तिने बोलावलेला 'रेग'ही ३२-बिट. त्याला तुमची नोंद सापडत नाही. तो तसं सांगतो, १ हा एक्झिट कोडही देतो, पण खिडकी 'रनहिडन'ने लपवलेली असली तर ते वाचणार कोण? तुम्ही हाताने चालवता तेव्हा ६४-बिट खिडकी उघडते आणि नोंद जाते. जुन्या नोंदी ६४-बिट बाजूला आहेत, हे यावरूनच कळतं.

आज संध्याकाळीच बिल्ड द्यायचं असेल तर 'रेग डिलीट'च्या शेवटी '/रेग:६४' हा स्विच जोडा (फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत) आणि मोकळे व्हा. पण बॅच फाइल कायमची ठेवू नका. इनो सेटअपच्या 'रजिस्ट्री' विभागात हे काम एका ओळीत होतं: रूट 'एचकेएलएम६४', सबकीमध्ये (की म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डर, सबकी त्याच्या आतला) तुमचा पूर्ण पाथ, व्हॅल्यूटाइप 'नन', फ्लॅग 'डिलीटकी'. एकच व्हॅल्यू काढायची असेल तर तिचं नाव देऊन 'डिलीटव्हॅल्यू'. इन्स्टॉलर ३२-बिट विंडोजवरही जाणार असेल तर 'इजविन६४'चा (विंडोज ६४-बिट आहे का, हे बघणारा) चेक लावा, नाहीतर तिथे 'एचकेएलएम६४' म्हटल्यावर एरर येईल.

बॅच सोडा म्हणतो त्याला कारण आहे. पाथमध्ये व्हेरिएबल वापरलंय आणि काही कारणाने ते रिकामं राहिलं, तर तुमच्या ओळीत उरतं नुसतं 'सॉफ्टवेअर', आणि मागे '/एफ' (न विचारता काढ) लावलेला असल्यामुळे 'खरंच काढू का?' असं विचारायलाही कोणी थांबत नाही. 'डिलीटकी' फ्लॅग मात्र सबकी रिकामी असेल किंवा तिच्यात नुसते बॅकस्लॅश असतील तर इन्स्टॉल करताना सरळ दुर्लक्षिला जातो. करणाऱ्याने ही खबरदारी आधीच घेऊन ठेवली आहे, आपण पुन्हा कशाला हात भाजून घ्या.

मी घेतलेत. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो तेव्हा आमची दोन उत्पादनं होती, एक खतावणीचं आणि एक पिग्मी कलेक्शनचं. दोन्हींच्या नोंदी कंपनीच्या नावाच्या एकाच की-खाली, आपापल्या सबकीमध्ये. खतावणीच्या नव्या इन्स्टॉलरमध्ये जुनं साफ करायची ओळ मी लिहिली आणि पाथ एक पायरी वरच थांबवला. माझ्या मशीनवर पिग्मीचं सॉफ्टवेअर नव्हतंच, त्यामुळे टेस्ट झकास पास. मार्चअखेरीला ग्राहकांनी अपडेट टाकलं आणि पिग्मीचं लायसन्स गेलं. एजंट मशिनं घेऊन काउंटरवर उभे, आणि फोन सगळे माझ्याकडे. तेव्हापासून मी फक्त आपण स्वतः लिहिलेली सबकी नावानिशी काढतो. कंपनीच्या नावाची वरची की काढायचीच असेल तर ती रिकामी असेल तरच: अनइन्स्टॉलसाठी 'अनइन्सडिलीटकीइफएम्प्टी' हा फ्लॅग आहे, आणि कोडमध्ये 'रेगडिलीटकीइफएम्प्टी' हे फंक्शन.

अट घालून काढायचं असेल, म्हणजे जुनी आवृत्ती अमुक असेल तरच वगैरे, तर 'कोड' विभागात पास्कल स्क्रिप्ट लिहावी लागेल. तिथलं फंक्शन 'रेगडिलीटकीइन्क्लुडिंगसबकीज'. ते 'करस्टेपचेंज्ड'मध्ये, 'एसएसइन्स्टॉल' पायरीवर, म्हणजे प्रत्यक्ष इन्स्टॉल सुरू होताना बोलवा. बरेच जण ते अगदी सुरुवातीला चालणाऱ्या 'इनिशियलाइजसेटअप'मध्ये घुसडतात. मग माणूस पहिल्याच पानावर 'कॅन्सल' दाबतो, जुन्या नोंदी गेलेल्या असतात आणि नवं काही आलेलं नसतं. जुन्या नोंदीत डेटाचा पाथ असेल तर काढण्याआधी तो वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवा. हे सांगायला नको, पण सांगतो.

तुम्ही एचकेसीयूबद्दल, म्हणजे रजिस्ट्रीतल्या त्या-त्या युजरच्या स्वतःच्या भागाबद्दल, विचारलं नाहीये, पण पुढचा प्रश्न तोच असणार. क्लार्क आपल्या साध्या खात्यात लॉगिन आहे आणि इन्स्टॉल करताना मॅनेजर येऊन ॲडमिन खात्याचा पासवर्ड टाकतो, अशा वेळी इन्स्टॉलरला दिसणारा एचकेसीयू मॅनेजरच्या खात्याचा असतो. क्लार्कच्या नोंदी जशाच्या तशा राहतात. इनो सेटअप ६ कंपाइल करताना याबद्दल वॉर्निंग देतो, ती आपण सगळेच बंद करून टाकतो. एचकेयूखाली (युजरांचे हे भाग जिथे एकत्र दिसतात) सगळे युजर फिरून साफ करायची युक्तीही पुरी पडत नाही, कारण जो लॉगिनच नाही त्याची रजिस्ट्री तिथे लोड झालेली नसते. मी हे काम इन्स्टॉलरकडून काढूनच घेतलं. नवा प्रोग्राम ज्या खात्यात पहिल्यांदा उघडतो, त्या खात्यातल्या आपल्या जुन्या नोंदी तोच साफ करतो. पाच-सहा ओळींचं काम आहे.

जुन्या आवृत्तीची 'अनइन्स्टॉल' की-खालची नोंद (कंट्रोल पॅनलच्या यादीत नाव येतं ते हिच्यामुळे) मात्र हाताने उडवू नका. तिच्यातली 'अनइन्स्टॉलस्ट्रिंग' वाचून जुना अनइन्स्टॉलर आधी चालवा, तो आपली नोंद आपण काढेल. नाहीतर फायली डिस्कवर पडून राहतात आणि कंट्रोल पॅनलमध्ये काढायला नावच उरत नाही. जुना इन्स्टॉलरही इनो सेटअपचाच असेल आणि 'ॲपआयडी' (इनो सेटअप प्रोग्राम ज्यावरून ओळखतो तो आयडी) तोच ठेवलेला असेल, तर बहुतेक वेळा हीसुद्धा गरज नाही, नवा त्याच्यावरच बसतो.

बदल केल्यावर इन्स्टॉलर '/लॉग' लावून चालवा, आणि तुमच्या मशीनवर नको, साध्या युजरचं खातं असलेल्या व्हर्च्युअल मशीनवर. त्याआधी 'रेग एक्स्पोर्ट'ने ती की फायलीत काढून ठेवा. मग 'रेजएडिट' उघडून 'सॉफ्टवेअर'खाली आणि 'वाव६४३२नोड'खाली, दोन्हीकडे बघा. जुन्या आवृत्तीचा एखादा ३२-बिट भाग असेल तर त्याच्या नोंदी दुसऱ्या बाजूलाही सापडतील, आणि मग तीच ओळ 'एचकेएलएम३२' रूट देऊन आणखी एकदा लिहावी लागेल.