गुडघ्यातले पाणी काढावे का?

प्रश्न : माझे वय ५४ आहे. दोन महिन्यांपासून मी दर रविवारी सिंहगड चढून उतरतो. सोमवारी सकाळी उजवा गुडघा फुगलेला असतो, मांडी घालता येत नाही. बुधवारपर्यंत सूज ओसरते. शेजारी म्हणतात, पाणी झाले आहे, सुईने काढून टाका. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सुईची घाई कृपया करू नका. निरोगी गुडघ्यातही तीन-चार मिलिलिटर वंगणासारखा द्रव असतो आणि तो सांध्याच्या आतले अस्तर तयार करते. कूर्चेवर (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर) किंवा गादीवर (दोन हाडांमधल्या लवचीक चकतीवर) झेपेल त्याहून अधिक ताण पडला की हे अस्तर दाहामुळे जास्त द्रव सोडते व तो वाटीच्या वरच्या पोकळीत साठतो. मूळ कारण तसेच ठेवून पाणी काढले, तर ते पुन्हा भरते.

सूज केव्हा येते, हे फार महत्त्वाचे आहे. पाय मुरगळल्यावर एक-दोन तासांतच गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झाल्याची, म्हणजे अस्थिबंध (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) तुटल्याची किंवा हाड मोडल्याची शंका घ्यावी लागते. रात्र उलटल्यावर येणारी सूज तुमच्या वयात बहुधा कूर्चेची झीज किंवा गादीला गेलेली चीर सुचवते. त्यातही गड उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो.

या सुजेचा एक परिणाम रुग्णांच्या सहसा लक्षात येत नाही : सांध्यात थोडे जरी पाणी साठले, तरी मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी चालना मंदावते, स्नायू दुबळा होतो आणि दुबळ्या स्नायूमुळे सांध्यावरचा भार आणखी वाढतो. म्हणून सूज असतानाच, दुखणार नाही इतपत, पाय सरळ ठेवून मांडी आवळण्याचा व्यायाम सुरू करा. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे शेका आणि पाय उशीवर उंच ठेवा. मालिश मात्र नको. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, विशेषतः रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर.

चालणे सोडू नका. सपाट रस्त्यावर चाला. गड मात्र सूज येणे थांबेपर्यंत बंद ठेवा. अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि उभ्याने काढलेला एक्स-रे करून घ्या. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, कारण सांध्यात जंतुसंसर्ग असल्यास उशीर महागात पडतो. अशा वेळी पाणी काढून तपासणे अत्यावश्यकच असते.