सफारीचं बुकिंग करण्याआधी : वाचकांचे प्रश्न

केनिया आणि टांझानियातल्या सफारीबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. प्रवेशशुल्कं आणि व्हिसाचे नियम तिथे वरचेवर बदलतात. म्हणून इथले आकडे हिशोब कसा मांडायचा हे कळण्यापुरते धरा आणि पैसे भरण्याआधी त्या त्या उद्यानाच्या अधिकृत दरपत्रकाशी ताडून पाहा.

प्रश्न : मसाई मारात तीन रात्री, कॅम्प साधारण एकाच दर्जाचे, तरी दोन कंपन्यांच्या दरांत जवळजवळ दीडपट फरक आहे. कोण फसवतंय?

बहुतेक वेळा कुणीच नाही. दोघं वेगवेगळ्या वस्तू एकाच नावाने विकत असतात. सफारीत तुम्ही पैसे मोजता ते जंगलातल्या तासांचे आणि चांगल्या गाइडचे, खोली त्यानंतर येते. दरपत्रक त्याच नजरेने वाचा.

पहिली गोष्ट प्रवेशशुल्क. मारा राष्ट्रीय अभयारण्यात २०२४ पासून परदेशी प्रौढ पाहुण्याला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असा दर लागू झाला. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. आत मुक्काम असेल तर निघायच्या दिवशी सकाळी १० पर्यंत बाहेर पडावं लागतं, नाहीतर त्या दिवसाचं वेगळं तिकीट. आता तीन रात्रींचा हिशोब करा : पोहोचल्या दिवशी दुपारची फेरी, मधले दोन पूर्ण दिवस आणि शेवटच्या सकाळी थोडं रेंगाळलात तर चौथं तिकीट. ऑगस्टमध्ये एका जोडप्यामागे हा फरक ४०० डॉलरचा होतो. ‘पार्क फी समाविष्ट’ या शब्दांवर समाधान मानू नका. किती दिवसांची फी धरली आहे, हे आकड्यात लिहून मागा.

दुसरी गोष्ट कॅम्पची जागा. नावात ‘मारा’ असलेले पुष्कळ कॅम्प सेकेनानी किंवा तालेक गेटच्या बाहेर आहेत. त्यात गैर काही नाही, पण गेटपर्यंतचा रस्ता आणि तिथली रांग पहाटेच्या वेळातून जाते, आणि सिंह-बिबट्या दिसायची वेळ तीच. नकाशावर कॅम्प शोधा आणि गेटपर्यंत किती मिनिटं लागतात ते विचारा. नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ या अभयारण्याला लागून असलेल्या कॉन्झर्व्हन्सी आहेत. मसाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेल्या या जमिनींवर पाहुण्यांची संख्या मर्यादित असते. रस्ता सोडून गाडी नेता येते, रात्रीची फेरी आणि गाइडबरोबर पायी फिरणंही होतं. यातलं काहीच मुख्य अभयारण्यात चालत नाही. दर जास्त असतो, पण आमच्या मते एखादी रात्र कमी करून का होईना, दोन रात्री इथे घालवाव्यात.

तिसरी गोष्ट गाडी. उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर की व्हॅन? फक्त तुमच्यासाठी की इतरांबरोबर? एका गाडीत जास्तीत जास्त किती माणसं? प्रत्येकाला खिडकी मिळणार का? मारातली काळी माती पावसानंतर इतकी चिकट होते की व्हॅन रुतून बसते आणि अर्धी सकाळ गाडी ओढून काढण्यात जाते. पावसाळ्याच्या आगेमागे जात असाल तर फोर बाय फोर गाडीचाच आग्रह धरा. दिवसाला किती फेऱ्या, हेही विचारा. काही स्वस्त पॅकेजांत एकच असते.

टांझानियात आणखी एक गल्लत होते. आरुशा शहराहून सेरेंगेटीला जाणारा नेहमीचा रस्ता न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रातून जातो, आणि नुसतं ओलांडून गेलात तरी शुल्क पडतं, परतताना पुन्हा पडतं. न्गोरोंगोरोचा दर माणशी ६० डॉलर, सेरेंगेटीचा मुख्य हंगामात ७० डॉलर, आणि दोन्हींवर १८ टक्के व्हॅट. क्रेटरमध्ये, म्हणजे न्गोरोंगोरोच्या जुन्या ज्वालामुखीच्या विवरात, उतरायचं तर प्रत्येक गाडीमागे २५० डॉलर आणि त्यावर व्हॅट वेगळा. कुणाचा दर फारच कमी दिसला तर यातलं काय गाळलंय ते आधी शोधा.

प्रश्न : अनामत किती द्यावी? रद्द केलं तर किती परत मिळतं?

साधारणपणे २० ते ३० टक्के अनामत घेतात आणि ती परत मिळत नाही. उरलेली रक्कम निघण्याच्या ४५ ते ६० दिवस आधी भरायची असते. त्यानंतर रद्द केलं तर कपात पायरीपायरीने वाढते आणि शेवटच्या ३० दिवसांत बहुधा सगळी रक्कम जाते. हंगामात छोटे कॅम्प याहून कडक अटी लावतात. आठ-दहा तंबूंच्या कॅम्पला ऐनवेळी रिकामा झालेला तंबू पुन्हा भरता येत नाही, म्हणून त्या अटी समजण्यासारख्या आहेत. पण ऑपरेटरच्या अटी कॅम्पच्या अटींपेक्षा खूपच कडक असतील तर कारण विचारा.

अटींमधली तीन वाक्यं बारकाईने वाचा. एक, ‘सरकारी शुल्क वाढल्यास फरक प्रवाशाने भरावा’. हे वाक्य जवळजवळ सगळीकडे असतं आणि रास्तही आहे, फक्त फरकाची अधिकृत पावती मिळेल असं लिहून घ्या. दोन, ‘किंवा समकक्ष निवास’. खरा घोळ इथे होतो. ऑपरेटर कॅम्पमध्ये जागा तात्पुरती धरून ठेवतो. ती मुदत एक-दोन आठवड्यांची असते आणि त्यात अनामत भरली गेली नाही तर जागा सुटते. तुम्हाला ते कळतं तिथे पोहोचल्यावर, गेटपासून तासभर लांबच्या कॅम्पमध्ये. यावर उपाय सोपा आहे. अनामत दिल्यावर आठवड्याभरात प्रत्येक कॅम्पचा बुकिंग क्रमांक मागा आणि कॅम्पला थेट ईमेल करून तुमच्या नावावर जागा पक्की आहे का ते विचारा. तिसरं वाक्य एकट्या प्रवाशांसाठी. दर ‘दोघांत एक खोली’ धरून दिलेला असतो, एकट्याला त्यावर चांगलाच अधिभार पडतो.

पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरा. व्यक्तीच्या खात्यावर पाठवायला सांगितलं तर तिथेच थांबा. केनियात टूरिझम रेग्युलेटरी ऑथॉरिटीचा परवाना आणि केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सचं, म्हणजे काटोचं सदस्यत्व तपासा. टांझानियात तशी संघटना टाटो. सदस्यांची यादी संघटनेच्या संकेतस्थळावर पाहावी, कंपनीने पाठवलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नये.

विमा घेताना रद्द झालेल्या प्रवासाची भरपाई आणि जंगलातून विमानाने दवाखान्यात नेण्याचा खर्च, दोन्ही त्यात आहेत ना ते बघा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची रुग्णविमानं उडतात. काही कॅम्प त्यांचं सदस्यत्व दरातच धरतात.

प्रश्न : नदी ओलांडणारे विल्डबीस्ट पाहायचे आहेत. नेमकी तारीख सांगाल का?

तारीख कुणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे बुकिंग करू नका. विल्डबीस्टचे, म्हणजे मोठ्या आफ्रिकी कुरंगांचे, कळप पावसामागे आणि कोवळ्या गवतामागे फिरतात. जानेवारी ते मार्च ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूच्या मैदानांवर असतात, फेब्रुवारीच्या सुमाराला पिल्लं होतात. मे-जूनमध्ये पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे, आणि जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या आसपास. नोव्हेंबरात पुन्हा दक्षिणेकडे वळतात. नदीकाठी येऊन कळप तासन्‌तास उभा राहतो आणि कधी तसाच माघारी फिरतो. नदीच्या एकाच भागात सलग चार रात्री ठेवल्या तर संधी बरी असते. रोज मुक्काम बदलणारा कार्यक्रम यासाठी निरुपयोगी. उत्तर सेरेंगेटीत कोगातेंडे भागातूनही हीच नदी ओलांडताना कळप दिसतात.

गर्दी आणि खर्च टाळायचा असेल तर न्दुतूचा फेब्रुवारी आम्हाला अधिक आवडतो. पिल्लांमागे चित्ते आणि तरस हमखास असतात. एप्रिल-मे हा मोठ्या पावसाचा काळ. दर उतरतात, पण काही कॅम्प बंदच असतात.

प्रश्न : मारा आणि सेरेंगेटी शेजारीच आहेत. एका गाडीतून दोन्ही करता येतील?

नाही. दोन्ही जंगलांमधली सीमा पर्यटकांना ओलांडता येत नाही. इसेबानिया-सिरारी नाक्यावरून वळसा घ्यावा लागतो. केनियाची सफारी गाडी टांझानियाच्या उद्यानांत चालत नाही, त्यामुळे सीमेवर गाडी आणि गाइड दोन्ही बदलतात. यात जवळजवळ पूर्ण दिवस मोडतो. दहा दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर एकच देश नीट पाहा.

कागदपत्रं वेगवेगळी. केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना, म्हणजे ईटीए. टांझानियाचा एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा ५० डॉलरचा. १०० डॉलरचा ‘ईस्ट आफ्रिका टूरिस्ट व्हिसा’ केनिया, युगांडा आणि रवांडासाठी आहे, टांझानियाला तो चालत नाही. झांझिबारलाही जाणार असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून तिथला ४४ डॉलरचा विमा सक्तीचा झाला आहे, तुमच्याकडे दुसरा विमा असला तरी.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. केनियातून टांझानियात जाताना ते मागतात. भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, सामानात टाकू नका.

प्रश्न : छोट्या विमानात १५ किलोच सामान चालतं म्हणतात. खरंच वजन करतात का?

करतात. या १५ किलोंत हातातली बॅग आणि कॅमेराही येतो. बारा-तेरा आसनी सेसना कॅरव्हॅनच्या पोटाखालच्या कप्प्यात सामान दाबून बसवतात, म्हणून चाकांची कडक सूटकेस नाकारतात. मऊ कापडी बॅगच हवी. मोठी सूटकेस नैरोबीत हॉटेलवर ठेवता येते. बहुतेक कॅम्पमध्ये कपडे धुऊन मिळतात, त्यामुळे तीन जोड पुरतात. एक गोष्ट विसरू नका : ही विमानं विल्सनवरून सुटतात आणि आंतरराष्ट्रीय विमान जोमो केन्याटावर उतरतं. दोन्हींमध्ये शहराची वाहतूक आहे, म्हणून मध्ये किमान चार-पाच तास ठेवा.

प्लॅस्टिकच्या पिशव्या केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात १ जून २०१९ पासून बंद आहेत. सामान भरताना कापडी पिशव्या वापरा. पाण्यासाठी धातूची बाटली न्या.

प्रश्न : कपडे आणि मलेरिया यांबद्दल सांगा.

सकाळची फेरी थंड असते. न्गोरोंगोरोच्या कड्याची उंची साधारण २३०० मीटर, तिथे जून-ऑगस्टच्या पहाटे जाड जाकीट आणि कानटोपी लागते. गडद निळा आणि काळा रंग टाळा, त्सेत्से माश्या या रंगांकडे ओढल्या जातात. टांझानियातल्या तारांगिरे उद्यानात त्यांचा विशेष त्रास होतो. पातळ कापडातून चावतात आणि अंगाला लावायच्या मलमांना फारशा जुमानत नाहीत. लष्करी छापाचे कपडे अजिबात नेऊ नका.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. परतल्यावर त्या मध्येच सोडू नका. परजीवी आधी यकृतात वाढतो, मग रक्तात उतरतो. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवस आणि डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे घ्यायची असते ती यासाठी. नंतर काही महिन्यांत ताप आला तरी आफ्रिकेचा प्रवास डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : चार वर्षांची मुलगी आणि पंचाहत्तरीचे वडील बरोबर आहेत.

पुष्कळ तंबू कॅम्प पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. कुंपण नसतं आणि रात्री पाणघोडे आवारात चरायला येतात. कुंपण असलेला लॉज आणि स्वतंत्र गाडी घ्या, म्हणजे मूल कंटाळलं की परतता येईल. वडिलांसाठी मारापर्यंतचा पाच-सहा तासांचा रस्ता टाळून विमान घ्या आणि खोली जेवणघराजवळची मागून घ्या. औषधं, पथ्य, चालण्याची अडचण हे सगळं बुकिंगच्या अर्जातच लिहा. रात्री श्वसनयंत्र लागत असेल तर कॅम्पमध्ये रात्रभर वीज असते का ते आधी विचारा. सौर विजेवरचे कॅम्प काही तास पुरवठा बंद ठेवतात.

प्रश्न : कॅमेरा, ड्रोन, चार्जिंग?

ड्रोन नेऊच नका, विनापरवाना आढळला तर जप्त होतो. १०० ते ४०० मिलिमीटरची एक लेन्स बहुतेक सगळं सांभाळते. गाडीत तिपाई उभी राहत नाही. रिकामी कापडी पिशवी न्या आणि तिथे तांदूळ भरून छताच्या कडेवर ठेवा. फोटो काढताना इंजिन बंद करायला सांगा, कंपनाने चित्र हलतं. धुळीत लेन्स बदलू नका. दोन्ही देशांत तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं, अडॅप्टर तसा न्या.

प्रश्न : गाइडला किती बक्षीस द्यायचं? आणि जास्त दिलं तर तो जनावराजवळ नेईल का?

टांझानियात गाइडला एका गाडीमागे दिवसाला २० ते २५ डॉलर, केनियात माणशी ५ ते १० डॉलर हा साधारण रिवाज आहे. कॅम्पच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळी पेटी असते. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या आणि २००९ नंतरच्या मालिकेच्या न्या, जुन्या बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : असं त्याला कधीही सांगू नका. कॉन्झर्व्हन्सीबाहेर रस्ता सोडला तर दंड होतो आणि त्याच्या कामावर गदा येते. गाड्यांनी घेरलेला चित्ता शिकार सोडून देतो आणि पिल्लं उपाशी राहतात. चांगला गाइड वारा आणि ऊन पाहून गाडी आधीच योग्य जागी लावतो, म्हणजे जनावर आपणहून जवळ येतं. केनियात गाइडची परीक्षा घेणारी व्यावसायिक संघटना ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा पातळ्या देते. सिल्व्हर पातळीचा गाइड बुकिंगच्या वेळीच मागा आणि त्याचं नाव व्हाउचरवर लिहून घ्या.