केटलबेल: आधी कुल्ल्यातून वाकायला शिका, मग स्विंग

पहिली केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा, घेताना फार हलकी घेऊ नका. साधारण तब्येतीच्या बाईला ८ किलो, पुरुषाला १२ किंवा १६ पुरे. ४ किलोची बेल हातानेच उचलली जाते आणि स्विंग, म्हणजे कुल्ल्यांच्या जोरावर बेल पायांमधून मागे-पुढे झुलवणं, कधीच कळत नाही.

स्विंग म्हणजे उठाबशी नव्हे, इथेच बहुतेकांचं चुकतं. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहा, गुडघे किंचित सैल ठेवा आणि पाठ सरळ ठेवून फक्त कुल्ले मागे नेत भिंतीला टेकवा. मांडीची मागची बाजू ताणली गेली की बरोबर. हे जमलं की आठवडाभर नुसती डेडलिफ्ट करा, म्हणजे तसंच वाकून बेल जमिनीवरून उचलत सरळ उभं राहा, ५-५ चे चार सेट.

मग स्विंग. बेल पावलांच्या फूटभर पुढे ठेवा, दोन्ही हातांनी धरून पायांमधून मागे खेचा. मनगटाच्या वरचा भाग मांडीच्या अगदी वरच्या टोकाला लागला पाहिजे. बेल गुडघ्यांच्या खाली लोंबली तर सगळा भार कमरेवर येतो. दुसऱ्या दिवशीची कंबरदुखी बहुधा त्यामुळेच. तिथून कुल्ले जोरात पुढे, श्वास बाहेर. हात दोरीसारखे. बेल छातीपर्यंत आपसूक येते, खांद्याने ओढायची नाही.

१० स्विंग, मिनिटभर विश्रांती, असे पाच सेट. आठवड्यातून तीन दिवस. जाड, मऊ तळव्याचे बूट नकोत, अनवाणी उत्तम. मूठ आवळू नका, बोटांत धरा, नाहीतर तळहाताची कातडी सोलते. कमरेचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.