डाळ पातळ करू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक संदेश वाचला आणि सोबत पाठवलेला महिन्याच्या खर्चाचा कागदही नीट पाहिला. आई अंथरुणाला खिळल्यापासून कारखान्यातील पाळ्या सांभाळून तू पाच जणांचा दोन वेळचा स्वयंपाक करतोस, याचे कौतुक करण्यात मी वेळ घालवणार नाही. ते काम घरात कोणाला तरी करावेच लागते आणि तुमच्याकडे ते तुझ्या वाट्याला आले आहे. किराणा इतका आखडूनही वीस तारखेला पैसे का संपतात, असे तू विचारले आहेस. उत्तर तुझ्याच कागदावर आहे. डाळीचा आकडा महिन्यागणिक खाली येत गेला आहे आणि बिस्किटे, फरसाण, वडापाव यांचा आकडा तितक्याच नेमाने वर चढला आहे. हे दोन आकडे तू वेगवेगळ्या रकान्यांत मांडलेस, त्यामुळे त्यांचे एकमेकांशी काय नाते आहे ते तुला दिसले नाही.

दुपारी एक वाजता पातळ वरण आणि भाताचा ढीग खाल्लेल्या मुलाला चार वाजता भूक लागणारच. मग तो दहा रुपये मागतो, आणि घरात आजारी माणूस असताना लहान भावंडाला नाही म्हणवत नाही, म्हणून तू ते देतोस. माणशी 10 रुपये, पाच माणसे आणि तीस दिवस, म्हणजे महिन्याला 1500 रुपये होतात. माणशी रोज 50 ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य धरले, तर पाच जणांना रोज 250 ग्रॅम, साधारण दोन मध्यम वाट्या, आणि महिन्याला साडेसात किलो लागते. आजच्या बाजारभावाने एवढी डाळ त्या 1500 रुपयांत येऊन वर पैसे उरतात. म्हणून तुला एकच गोष्ट सांगते आणि या पत्रात ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे: डाळ पातळ करू नकोस. तेल कमी कर, साखर कमी कर, भाजी स्वस्त घे, पण माणशी ठरलेल्या डाळीला हात लावू नकोस.

हा माझा हट्ट आहे असे घरातले म्हणतात, परंतु त्याला आधार आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे 54 ग्रॅम आणि 55 किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे 46 ग्रॅम प्रथिने लागतात. 50 ग्रॅम डाळीतून त्यांपैकी अकरा-बारा ग्रॅमच मिळतात. उरलेली भाकरी, पोळी, भात, शेंगदाणे आणि जमले तर दूध-अंडी यांतून यायची असतात. धान्यातही प्रथिने असतात, पण त्यांत लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी पडतो आणि ती उणीव डाळ भरून काढते. आपल्याकडे भाकरीशेजारी पिठले आणि भातावर वरण आले ते काही उगाच नव्हे. तू त्यातला अर्धा भाग पाण्याने भरून काढायला निघाला आहेस.

आता रेशनचे बोलू. कार्ड गावाकडचे आहे म्हणून तीन महिने धान्य उचलले नाही, हे वाचून मला खरोखर राग आला. कार्ड कुठल्याही गावचे असले तरी तुमच्या पिंपरीतल्या दुकानात अंगठा देऊन धान्य मिळते. ती सोय होऊन काही वर्षे झाली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य महिन्याला मिळते, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. तुमच्या कार्डावर पाच नावे आहेत, म्हणजे 25 किलो तू सोडून देत होतास आणि तोच तांदूळ दुकानातून विकत आणत होतास. एक बाब मात्र ध्यानात घे. कायद्याने तांदूळ, गहू आणि भरडधान्य यांची हमी दिली आहे, डाळीची दिलेली नाही. याचा अर्थ असा की धान्यावर वाचलेला पैसा डाळीच्या डब्यातच गेला पाहिजे. तो मोबाइलच्या रिचार्जमध्ये गेला, तर रेशनचा तुला काहीही उपयोग झाला नाही असे समज.

डाळ म्हणजे तूरडाळ, असेही धरून बसू नकोस. तूर कडाडली की मी निम्मी हरभराडाळ मिसळायची, किंवा सरळ मसुरावर यायची. मसूरडाळ भिजवावी लागत नाही आणि लवकर शिजते, त्यामुळे रात्रपाळीहून आल्यावर तुझ्यासाठी ती उत्तम. मटकी, चवळी, हुलगे आणि वाटाणे झोपण्यापूर्वी भिजत घालावेत. भिजून ते दुपटीहून अधिक होतात आणि गॅस वाचतो. मटकीला मोड आणायचे असतील तर उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेव. थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा घाई करू नकोस. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाल, कारण आंबटपणामुळे डाळ मऊ व्हायला उशीर लागतो. खायचा सोडा घालून कडधान्य लवकर शिजवण्याची युक्ती तुला कोणी सांगितली ते ठाऊक नाही, पण त्याने ब जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो; ती सोडून दे. कुकरला वाफ धरली की आच बारीक कर. बेसन सुटे आणण्यापेक्षा हरभराडाळ गिरणीतून दळून आण, म्हणजे आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असते.

व्हिडिओ पाहून तू सात दिवसांचे सात वेगळे पदार्थ लिहून काढलेस आणि प्रत्येकासाठी वेगळा मसाला आणलास, तो तक्ता फाडून टाक. घरात एक काळा मसाला, कांदा-लसूण आणि शेंगदाण्याचे कूट एवढे असले की मटकीची उसळ, डाळकांदा, मसुराची आमटी आणि पिठले यांवर आठवडा निघतो. शेपूत मूठभर मूगडाळ टाकली की एका जुडीची भाजी पाच जणांना पुरते. अंबाडीत तूरडाळ आणि कण्या घातल्या तर ती एकटीच जेवण होते. पालेभाजी संध्याकाळी बाजार उठताना घे. ज्वारी आता गव्हापेक्षा महाग झाली आहे, त्यामुळे रोज भाकरी हवी हा आजोबांचा आग्रह आठवड्यातून दोन दिवसांवर आण आणि बाकीचे दिवस रेशनच्या गव्हाची पोळी कर. चकोल्यांना, म्हणजे वरणफळांना, पाणी जास्त लागते, तेव्हा माझ्या नियमाचे काय, असे तू विचारशील. पाणी हवे तेवढे घाल. डाळ मात्र त्या दोन वाट्याच घाल. माझे भांडण पाण्याशी नाही, वाटीतून काढून ठेवलेल्या डाळीशी आहे.

सोलापुरात खानावळ चालवली तेव्हा माझी बहुतेक मेंबरे चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांवरचे कामगार होते. माणसे अचानक वाढली की आमटीत तांब्याभर पाणी ओतायचे, ही या धंद्यातली सर्वमान्य रीत. ती मी कधी पाळली नाही. उशिरा येणाऱ्यांसाठी वेगळे पिठले टाकायचे, ते पंधरा मिनिटांत होते. जवळच दुसरी खानावळ निघाली, तिथे रविवारी पनीर मिळू लागले आणि माझी काही मेंबरे तिकडे गेली. त्या वेळी मी दर वाढवून पनीर ठेवायला हवे होते, धंदा मोठा झाला असता, असे माझा मुलगा आजही म्हणतो. झाला असता, कदाचित. परंतु बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा पनीर देऊन सहा दिवस पिवळे पाणी वाढायचे, हे माझ्याने झाले नसते, आणि जी राहिली ती मेंबरे डाळीमुळे राहिली हे मी आजही कोणालाही सांगायला तयार आहे.

माझी मुलगी मात्र निराळे सुनावते. तिच्या वाढदिवसालाही घरात मटकीच शिजत होती, असे ती म्हणते आणि ते खोटे नाही. तिची फी त्याच मटकीतून भरली गेली, हे मी तिला प्रत्येक वेळी ऐकवते; तरीही वर्षातून एक दिवस तिच्या आवडीचा शिरा केला असता तर त्या दोन वाट्यांना काही धक्का लागला नसता, असे हल्ली मनात येते. तुझी बहीण तेरा वर्षांची आहे. महिन्यातून एकदा तिला काय हवे ते विचार आणि ते कर. त्याचे पैसे तेलातून काढ. पाच जणांच्या घरात तू जेवढे तेल लिहिले आहेस, त्यातून अर्धा किलो सहज कमी होईल.

आजोबांच्या दातांसाठी उसळ वेगळी करू नकोस. त्यातलीच वाटीभर रवीने घोटून दे. आईच्या बाबतीत डॉक्टरांनी डाळीचे काही प्रमाण सांगितले असेल, तर तिथे माझे ऐकू नकोस, त्यांचेच ऐक. संध्याकाळच्या भुकेसाठी फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे डब्यात भरून मुलांच्या हाताशी ठेव. खवट किंवा बुरशीचा वास येणारे शेंगदाणे मात्र टाकून दे, काटकसर म्हणून खपवू नकोस.

पुढच्या महिन्याचा कागद पाठवशील तेव्हा डाळ आणि बाहेरचे खाणे हे दोन्ही एकाच रकान्यात, एकाखाली एक लिही. हुलग्याच्या शेंगोळ्यांचे तू विचारले आहेस, पण ते पीठ किती घट्ट मळायचे हे लिहून कळणार नाही. रविवारी सुट्टी असेल तर दुपारी फोन कर आणि पीठ परातीत घेऊनच बस.

तुझी,
मावशी