'धग' नको कसं म्हणता?

बचत गटात वाचायला कष्टाची, तगून राहण्याची, बाईला स्वतःची ओळख पटण्याची स्त्रीवादी कादंबरी हवी. पुरुषाने लिहिली म्हणून 'धग' सोडून सांगा, असं विचारलंय. त्या 'म्हणून'वरच माझं अडलं.

उद्धव शेळक्यांची ती कादंबरी 1960ची. शिंप्याघरची कौतिक, हातातलं काम न टिकवणारा नवरा, आणि संसार रेटायला ती एकटी. चोळी अंगात बसते का ते पाहतात, शिंपी बाई की बाप्या ते नाही. पहिली 'धग'च घ्या.

घात होतो तो वाचताना. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद वऱ्हाडीत. कॉलेजची पोरगी सगळंच शाळेतला धडा म्हटल्यासारखं वाचते आणि कौतिकचं तडकणं पार विझून जातं. म्हणून वाचणाऱ्या दोघी ठेवा: निवेदनाला पोरगी, कौतिकच्या बोलण्याला साठीतली एखादी म्हातारी. तिला अक्षर लागत नसेल तर पोरीने ओळ कानात सांगायची, म्हातारीने आपल्या हेलात मोठ्याने म्हणायची. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या. एका बैठकीला आठ-दहा पानं पुरे. नोव्हेंबर ते जानेवारी सुरूच करू नका. किलोवर कापूस वेचून आलेली बाई दहाव्या मिनिटाला पेंगते. पराटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून वावर रिकामं झालं की बसा. आणि हप्त्याची वसुली त्याच बैठकीत नको. हप्ता थकलेली बाई मग वाचनालाही येत नाही, अन् हे पुस्तक तर तिच्यासाठीच आहे.

बाईच्याच हातचं हवं तर कविता महाजनांची 'ब्र' (2005). सरपंच बायांचे प्रसंग सुटे वाचले तरी समजतात. गावात सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा असेल तर तिला मुद्दाम बोलवा, त्याला नको. मेघना पेठे यांची 'नातिचरामि' जबरदस्त आहे, पण सासू-सून शेजारी बसलेल्या असताना ती मोठ्याने वाचता येत नाही; एकेकीला घरी न्यायला द्या. नागपूरच्या आशा बगे यांच्या 'भूमी'ला 2006चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. चांगली आहे, पण संथ; एकटीने वाचायची.

हां, एक राहिलं. स्वतःचा शोध वगैरे कौतिकला परवडतच नाही, तिचा दिवस चुलीपासून मजुरीपर्यंतच संपतो. 'ब्र'मधली प्रफुल्ला मात्र नवऱ्याचं घर सुटल्यावर संस्थेच्या कामाला लागते आणि तिथे तिला स्वतःचा आवाज सापडतो. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.