वांशिक दंगल, वर्णद्वेषी दंगल की उठाव?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या 'रेस रायट'ला मराठीत वांशिक दंगल म्हणावं, वर्णद्वेषी दंगल म्हणावं की सरळ उठाव? आणि 'सिव्हिल अनरेस्ट'ला काय म्हणायचं?

विशेषणाचा भाग सोपा, तो आधी उरकू. 'वांशिक' नुसता संबंध सांगतं, 'वंशद्वेषी' किंवा 'वर्णद्वेषी' हेतू सांगतं. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात ऑगस्ट १९६५ मध्ये एका वाहनचालकाच्या अटकेवरून भडका उडाला, सहा दिवसांत ३४ जीव गेले. रस्त्यावर उतरलेले बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि राग मुख्यतः पोलिसांवर होता. तिला 'वर्णद्वेषी दंगल' म्हटलं की द्वेष त्यांच्या नावावर चढतो. तिथे 'वांशिक तणावातून उसळलेली दंगल' असं लांबलचक लिहिलेलं परवडलं. दक्षिण आफ्रिकेच्या जुन्या गोऱ्या राजवटीसाठी (अपार्थाइड) 'वर्णद्वेष' रुळलाय खरा, पण ती कायद्याने बांधलेली व्यवस्था होती, नुसती भावना नव्हे. म्हणून 'वर्णभेद' अधिक नेमका.

नामाचं मात्र अवघड आहे. माझ्या मते ते शब्दकोशापेक्षा वाक्यात पारखावं. दंगल उसळते, पेटते, आटोक्यात येते. तिला कर्ता लागत नाही. उठाव कोणीतरी करतं, आणि तो कोणाविरुद्ध हे सांगावंच लागतं. कत्तल तर षष्ठीशिवाय उभीच राहत नाही : कोणाची? म्हणजे कर्ता लपवायचा असेल तर 'दंगल' हा फार सोयीचा शब्द आहे.

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराचं उदाहरण घ्या. ३१ मे आणि १ जून १९२१ ला गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली, माणसं मारली. पुढे कित्येक दशकं नाव चाललं ते 'टल्साची दंगल'. २००१ च्या सरकारी अहवालाच्या शीर्षकातसुद्धा 'रायट'च आहे. त्या नावाची किंमत रोकड होती. विम्याच्या पॉलिसींत दंगलीतलं नुकसान वगळणारं कलम असे, त्यावर बोट ठेवून कंपन्यांनी घरादारांचे दावे नाकारले. आता तिकडे 'मॅसेकर' म्हणतात. मराठीत 'ग्रीनवुडचं हत्याकांड' लिहावं, 'दंगल' नको.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचंही तसंच. १६ जून १९७६ ला शाळांत आफ्रिकान्स या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेच्या सक्तीविरुद्ध शाळकरी मुलांनी मोर्चा काढला, पोलिसांनी गोळीबार केला. पुढे दगडफेक, जाळपोळ झाली, पण सुरुवात मोर्चा आणि गोळीबार अशी आहे. इथे 'उठाव'च.

खरी पंचाईत होते १९९२ च्या लॉस एंजेलिसपाशी. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला मारहाण केल्याचा आरोप असलेल्या चार पोलिसांना ज्युरीने २९ एप्रिलला दोषी धरलं नाही आणि शहर पेटलं. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी याचा नागरी हक्कांशी संबंध नाही, ही निव्वळ झुंडीची क्रूरता आहे, असं सांगितलं. तिथल्या खासदार मॅक्सिन वॉटर्स यांनी आग्रहाने 'उठाव' म्हटलं. घटना एकच, पण पहिल्या शब्दातून सैन्य पाठवण्याचं समर्थन निघतं, दुसऱ्यातून पोलिसांची चौकशी. ज्यांची दुकानं मोठ्या संख्येने जळाली ते कोरियन वंशाचे लोक मात्र तिला 'सा-इ-गु' म्हणतात, म्हणजे नुसते तारखेचे आकडे : चार-दोन-नऊ. 'उठाव' लिहिला की ही दुकानं वाक्याबाहेर राहतात, कारण त्यांचे मालक काही सत्ताधारी नव्हते. मी इथे 'दंगल' लिहीन, पण त्याच वाक्यात निकालाचा उल्लेख करीन.

आता 'सिव्हिल अनरेस्ट'. 'नागरी अशांतता' हा सरकारी वळणाचा शब्द आहे, आणि मूळ इंग्रजी शब्दही काहीसा तसाच. न्यूअर्क आणि डेट्रॉइट ही शहरं पेटल्यावर जुलै १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दंगलींची कारणं शोधायला कर्नर आयोग नेमला, त्याच्या अधिकृत नावात 'रायट' नव्हतं, 'सिव्हिल डिसऑर्डर्स' होतं. शब्द मवाळ असला तरी १९६८ चा अहवाल मवाळ नव्हता. त्याने गोऱ्यांच्या वंशवादाकडे थेट बोट दाखवलं. मराठीत 'अशांतता' ही स्थिती आहे, घटना नव्हे. 'शहरात महिनाभर अशांतता होती' चालेल. 'काल रात्री अशांतता झाली' हे मराठीच नाही. तिथे काय झालं तेच लिहा : दगडफेक, लुटालूट, संचारबंदी.

'मोर्चाला हिंसक वळण लागलं' हे बातमीतलं लाडकं वाक्यही शक्यतो टाळा. वळण आपोआप लागत नाही. अश्रुधुराची नळकांडी आधी फुटली की बाटल्या आधी आल्या, हे माहीत असेल तर त्या क्रमाने लिहावं आणि नसेल तर 'चकमक झाली' एवढ्यावर थांबावं. 'दंगलखोर' शब्द तर फारच जपून वापरावा. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर २०२० मध्ये अमेरिकेत धरपकड झालेल्यांपैकी अनेकांवर आरोप फक्त संचारबंदी मोडल्याचा होता. त्यांना 'अटक झालेले निदर्शक' म्हणावं.